भाड्याने आणलेला डोंगर

२७ ऑगस्ट

लेकीचं लग्न ठरलं. मला हे छापील कार्डावरून कळलं, म्हणजे छापखान्यातल्या माणसाला माझ्याआधी माहीत होतं.

लग्न १४ ऑक्टोबरला, वर, तिच्या वेधशाळेत. समुद्रसपाटीपासून तीन हजार आठशे मीटर. लेक गेली पाच वर्षं तिथल्या मोठ्या दुर्बिणीची यंत्रं सांभाळते. नवरामुलगा तिथल्या खानावळीत स्वयंपाक करतो. हे वाक्य मी एकदा लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शास्त्रज्ञांनी भरलेल्या डोंगरावर जाऊन हिने निवडला तो स्वयंपाकी.

कार्डाच्या मागे तिच्या अक्षरात: ‘आई, इतक्या उंचीवर तुला जमणार नाही. साठीपुढच्या पाहुण्यांना इथे डॉक्टरची चिठ्ठी लागते. तुला मिळेल असं वाटत नाही. बाबाही तुला सोडून येणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस.’

जमणार नाही म्हणजे काय? एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयाचा तक्रार विभाग चालवला. रोज तीस-चाळीस माणसं माझ्या टेबलासमोर तावातावाने यायची आणि निमूटपणे जायची. तेवढा दम कुठल्या गिर्यारोहकात आहे?

ह्यांना कार्ड दाखवलं. हे घड्याळजी. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी डोळ्याला भिंग लावल्याशिवाय काही वाचत नाहीत. भिंग लावून कार्ड वाचलं, उलटून वाचलं आणि म्हणाले, “छपाई चांगली आहे.”

“मी येऊ नये म्हणून तिने मुद्दाम ती उंची निवडलीय.”

“अगं, डोंगर आधीपासूनच तिथे आहे.”

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

३० ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंकडे गेले. छातीचा फोटो, रक्त, हृदयाचा आलेख, सगळं करून घेतलं. वयाच्या मानाने उत्तम, असं म्हणाल्या. ‘वयाच्या मानाने’ हे शब्द कशाला लागतात ते विचारलं. त्यांनी विषय बदलला.

चिठ्ठी मात्र अशी देणार नाहीत. अचानक तेवढ्या उंचीवर गेलं की फुप्फुसात पाणी होऊ शकतं. शरीराला आधी सवय हवी.

“म्हणजे सहा आठवडे आधी डोंगरावर जाऊन राहू?”

“नाही. डोंगर घरी आणा,” त्या म्हणाल्या. “खेळाडू आणतात. पलंगावर तंबू लावायचा, एक यंत्र त्यात पातळ हवा सोडतं. रात्री त्यात झोपायचं, दुपारी दोन तास पडायचं, आणि दर दोन दिवसांनी उंची वाढवायची. शेवटी तपासणी करू. शरीर सरावलं असेल तर चिठ्ठी.”

“आणि सरावलं नाही तर?”

“तर तुम्ही जाणार नाही.”

बाईंची बोलण्याची पद्धत मला आवडली. पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

२ सप्टेंबर

डोंगर आला. दोन खोक्यांतून. कंपनीचा माणूस दारात उभा राहून विचारतो, “काकू, डोंगर कुठे ठेवू?” आता घरात त्याला सगळे डोंगरवालाच म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि हे.

आमच्या मोठ्या पलंगावर तंबू बसेना, म्हणून लेकीच्या खोलीत, तिच्या लहान पलंगावर लावला. जाड पारदर्शक प्लास्टिक, एका बाजूला चेन. यंत्र जुन्या फ्रिजसारखं घुमतं, म्हणून ते खोलीबाहेरच्या बोळात ठेवलं आणि नळी दाराखालून आत घेतली. ते हवेतला प्राणवायू काढून घेतं आणि उरलेली हवा आत ढकलतं. आकार तोच, माल कमी. आमच्या कार्यालयातही पाण्याचं हेच चालायचं. यंत्रावर काचेखाली एक काटा आहे. गोल बटण फिरवलं की काटा उंची दाखवतो. आज दीड हजार मीटर.

शिवाय बोटाला लावायचा एक चिमटा. रक्तात प्राणवायू किती टक्के ते तो सांगतो. डोंगरवाला गेल्यावर बसल्या जागी लावून पाहिला, तर शहाऐंशी! मी तंबूत पाऊलही टाकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आडव्या व्हा, मी गाडी पाठवते. मी आडवी झाले. हे शांतपणे भिंग लावून आले, माझा हात धरून उलटा फिरवला आणि म्हणाले, “अठ्ठ्याण्णव.” इंग्रजी आकड्यांतला अठ्ठ्याण्णव उलटा धरला की शहाऐंशी दिसतो. चिमट्यावर एक बाण छापायला काय झालं होतं? कंपनीला पत्र लिहिलं.

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला रोज वहीत स्वतःच्या चुका लिहायला लावायच्या. मी दुसऱ्यांच्या लिहायचे. ती सवय अजून आहे, असं हे म्हणतात.

७ सप्टेंबर

एकवीसशे मीटर. काही वाटत नाही. थोडं उकडतं, एवढंच.

आज दुपारी आत पडले असताना नणंदबाई आल्या. ह्यांच्याशी स्वयंपाकघरात बोलणं सुरू झालं. पहिलंच वाक्य: “वहिनी आत आहे का? मग बसते जरा.”

नंतर म्हणाल्या, “दादा, किती शांत वाटतं रे घर.”

हे म्हणाले, “दुपारी दोन तास असतं असं.”

“मशीन कायमचं विकत मिळतं का?”

दोघंही हसली. मी चेन उघडून बाहेर जाणार होते, पण दोन तास पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं बाकी होती आणि मी नियम मोडत नाही.

पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. या पलंगावरून स्वयंपाकघरातला शब्दन् शब्द ऐकू येतो. चमचा ठेवलेलासुद्धा. इतकी वर्षं या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी या पलंगावर कधी झोपलेच नव्हते.

पाच वर्षांपूर्वी लेक निघाली त्याच्या आदल्या दिवशी नणंदबाई अशाच स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, पोरीला एवढ्या लांब का पाठवतेस? मी म्हटलं, “जाऊ दे. जमिनीवरच्या माणसांत तिला कधी जमलंच नाही. चार महिन्यांत रडत परत येईल, आणि तेव्हा दार उघडायला मी उठणार नाही.” बोलण्याच्या ओघात म्हणतो माणूस. लेक तेव्हा इथे आत बॅग भरत होती. सकाळी ती नाश्ता न करता गेली. मला वाटलं, गाडीची घाई.

त्या दिवशी पंखा चालू होता का, आठवत नाही. पंखा चालू असेल तर ऐकू जाणार नाही. उद्या लावून पाहते.

८ सप्टेंबर

ह्यांना स्वयंपाकघरात उभं करून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला लावलं. आत पंखा लावून पाहिला.

ऐकू येतं.

११ सप्टेंबर

सत्तावीसशे. आता डोंगर कळायला लागला. उशी फिरवली तरी धाप लागते.

दुपारी लेकीचा फोन आला. मी बाहेर येऊन घेणार होते, तर हे फोन घेऊन आत आले. “आतच बोल. इथे रेंज चांगली येते.” एवढी वर्षं मोबाइल वापरताना या माणसाला रेंज म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

लेक म्हणाली, “आई, मी भरजरी काही घालणार नाहीये. थंडी फार असते. जाड कोट घालणार.”

यावर मला किमान बारा वाक्यं बोलायची होती. लग्नात कोट! पण पहिल्या वाक्याच्या निम्म्यावर हवा संपली. पुन्हा श्वास घेतला आणि तेवढ्यात जे मावलं ते बोलले. “कोणत्या रंगाचा?”

 मग म्हणाली, “निळा.” आणि त्या निळ्यावर दहा मिनिटं बोलली. कुठून आणला, बाही कशी लांब होती, तिनेच कशी शिवून आखूड केली. आपण होऊन! मी मध्ये मध्ये “बरं” म्हणत होते. दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं.

मुलगी सुधारतेय. तिकडची हवा तिला मानवली असावी.

१३ सप्टेंबर

तीन हजार. डोकं कोणीतरी पिळतंय.

आज फोनवर स्वयंपाकी. सुरुवातच “नमस्कार, आई” अशी. आई कोणाची, असं विचारणार होते, पण फक्त “कोणाची” एवढंच निघालं. तो म्हणाला, “अजून कोणाची नाही. महिनाभर थांबतो.” आगाऊ आहे.

त्याने सांगितलं की वर पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही, त्यामुळे काही शिजता शिजत नाही. “बटाटासुद्धा हट्टीपणा करतो.”

“किती वेळ?” मी विचारलं.

“उघड्या भांड्यात तासभर. तुमची लेक नवीन आली तेव्हा तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. दुसरं काही खायचीच नाही. मग मी तिच्यापुरते चार बटाटे वेगळे शिजवायचो. रोज तासभर. तीन आठवडे.”

चार बटाट्यांसाठी रोज तासभर सरकारी गॅस! तिथे तपासणी करायला कोणी येतं की नाही? वेधशाळेच्या प्रमुखांना पत्र लिहायला हवं. तसंही साठीपुढच्या पाहुण्यांच्या नियमाबद्दल त्यांना एक लिहिलंच आहे.

१४ सप्टेंबर

डोकं. उद्या लिहीन.

१६ सप्टेंबर

काय सांगू! परवापर्यंत मरत होते आणि काल सकाळी उठले ती थेट तरुण होऊन. डोकं हलकं, धाप नाही, भूक कडकडून. चिमटा लावला: सत्त्याण्णव. कंपनीच्या तक्त्यात लिहिलंय की तीन हजारांवर नव्वदच्या आसपास असावं. माझ्या शरीराने कंपनीच्या तक्त्याला खोटं पाडलं. याला म्हणतात घडण. सिस्टरनी आम्हाला गार पाण्याने अंघोळ करायला लावली, ती वाया गेली नाही.

काटा तेहतीसशेवर नेला. काहीही नाही. गाणं म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही.

हे मात्र उतरलेले दिसतात. डोळे लाल. विचारलं तर म्हणाले, परवा झोप झाली नाही. यंत्राचा आवाज सहन होत नसेल. मी आत डोंगर चढतेय आणि हे बाहेर बसून थकतात.

२१ सप्टेंबर

छत्तीसशे. चिमटा सत्त्याण्णव. डॉक्टरीणबाईंना फोन करून आकडे सांगितले. “छत्तीसशेला सत्त्याण्णव?” त्या दोनदा म्हणाल्या. “चिमटा सरळ धरला होता ना?” मी फोन ठेवला. असूया डॉक्टरांनाही असते.

लेकीचा आता रोज फोन येतो. पाच वर्षं महिन्यातून एकदा यायचा, तोही बाबांना. आजही हे फोन घेऊन आत धावले. रेंज.

ती म्हणाली, “आई, एक सांगू? सुरुवातीला इथे मी रोज रडायचे. चार महिने. मग पुढे थांबले.”

चार महिने. तिने आकडा मुद्दाम सांगितला की ओघात आला, कळेना. मला बरंच बोलता आलं असतं. तेव्हा का नाही सांगितलंस, कोणी सांगितलं होतं जायला, आम्ही काय मेलो होतो. तोंडापर्यंत आलं.

मी म्हटलं, “मग परत का नाही आलीस?”

“दार कोण उघडणार होतं?” असं म्हणून ती हसली. बरं नव्हतं ते हसणं.

मी काही बोलले नाही. छत्तीसशे मीटरवर माणूस जपूनच बोलतो.

२७ सप्टेंबर

नोंद आजच व्हायला हवी.

सकाळी डोंगरवाला आला, महिन्याच्या तपासणीला. काटा थेट अडतीसशेवर. मी मुद्दाम तंबूत बसून राहिले, म्हणजे त्याला दिसावं. त्याने स्वतःचा एक मापक आत धरला. त्याकडे पाहिलं, हलवला, पुन्हा धरला.

“काकू, आत प्राणवायू वीस टक्क्यांच्या वर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही गच्चीवरची हवा आहे. तुम्ही घरीच आहात.”

मग त्याने बोळात जाऊन यंत्राची काच उघडली. काटा काढून पुन्हा बसवला होता. बटण फिरवलं की काटा चढतो, यंत्र मात्र सगळ्यात खालच्या उंचीवरच राहतं. इतक्या सफाईने की कंपनीच्या माणसालाही आधी कळेना. “हे काम येरागबाळ्याचं नाही,” तो कौतुकाने म्हणाला. “बारीक हात आहे कोणाचा तरी.”

बारीक हात बोळाच्या टोकाला उभा होता. भिंग खिशात.

डोंगरवाल्याने काटा नीट केला आणि घाईघाईने गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बराच वेळ बोलले, आणि दम पुरला. हे ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, “त्या तीन हजारच्या रात्री तू झोपेत थांबायचीस.”

“काय थांबायचे?”

“श्वास. थांबायचा. मग एकदम मोठा यायचा, मग पुन्हा थांबायचा. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. सेकंदकाटा बघत. बावीस सेकंद, एकदा. घड्याळ थांबलं तर मी उघडून बघतो गं. तुला कुठून उघडू?”

“डॉक्टरीणबाईंना विचारायचं होतं! उंचीवर असं होतं, पुस्तिकेत लिहिलंय!”

“वाचलं. तरी बसवेना.”

“म्हणजे दोन आठवडे तुम्ही मला वेडं बनवत होता. रेंज म्हणून फोन आत आणत होता, तेसुद्धा?”

हे खाली बघून म्हणाले, “रेंजचं आधीचं होतं. तुला आत धाप लागायची, तू थोडं बोलायचीस, आणि ती जास्त बोलायची. म्हणून आणायचो. नंतर काटा बदलल्यावर मला रोज धास्ती, आज हिला पूर्ण दम आहे, आज पट्टा सुटणार.” मग माझ्याकडे पाहिलं. “सुटला नाही. एकदाही नाही.”

हे काय, प्रमाणपत्र देताहेत? एक तर मला जमिनीवर ठेवून डोंगर दाखवला, आणि वर माझ्या तोंडाचं मोजमाप करत बसले. मी आज जेवले नाही. ह्यांनीही जेवण केलं नाही, पण त्यांचं ते नाटक.

२८ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सोळा दिवस उरलेत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करून एवढ्यात होणार नाही. चिठ्ठी नाही. अडीच हजारांपर्यंत चिठ्ठीविना जा, त्याच्या वर नाही. मी हुज्जत घातली नाही. त्यांनी आश्चर्याने पाहिलं. मला थकवा आला होता.

म्हणजे लेक म्हणाली तेच खरं झालं. जमणार नाही.

एक गोष्ट मात्र मला छळतेय. २१ तारखेला मी छत्तीसशेवर नव्हतेच. घरी होते, पुऱ्या हवेत. दमाची काही अडचण नव्हती. मग मी बोलले का नाही?

याची चौकशी सवडीने करीन.

३० सप्टेंबर

लेकीला सांगणं भाग होतं. हे फोन घेऊन त्या खोलीकडे निघाले. मी म्हटलं, “राहू द्या. स्वयंपाकघरातून बोलते.”

सांगितलं की येत नाही. चिठ्ठी मिळाली नाही. तिच्या बाबांचा पराक्रम सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे १४ तारखेनंतर तू साध्या हवेत होतीस?”

“हो.”

“आणि २१ ला? मी ते चार महिन्यांचं बोलले तेव्हा?”

“तेव्हाही.”

 मग तिने विचारलं, “आत्ता कुठून बोलतेयस?”

“स्वयंपाकघरातून.” आणि मग मी म्हटलं, “तुझ्या खोलीतून इथलं सगळं ऐकू येतं.”

“हो.”

“पंखा लावला तरी.”

“हो, आई.”

आता इथे काय बोलायचं असतं ते मला माहीत आहे. एकतीस वर्षं मी लोकांना दिलगिरीची पत्रं लिहिली. नमुना पाठ आहे. ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल’ इथून सुरू होतो. तो तोंडात आला आणि मला इतका किळसवाणा वाटला की गिळून टाकला. शेवटी मी म्हटलं, “भिंत फार पातळ बांधलीय. फसवलं आपल्याला बांधणाऱ्याने.”

तिकडून आवाज आला. हसली की रडली ते कळलं नाही. रेंज खरंच वाईट आहे स्वयंपाकघरात.

“मी दार उघडलं असतं,” मी म्हटलं. “उठले असते. गुडघा दुखत असता तरी.”

फोन ठेवल्यावर हे दारात उभे. मी त्यांना म्हटलं, “उभे काय राहिलात, जेवायला घ्या.” तीन दिवसांनी बोलले म्हणून एवढं हरखायचं कारण नव्हतं.

३ ऑक्टोबर

लग्न खाली येतंय! वेधशाळेच्या वाटेवर चोवीसशे मीटरवर त्यांचं एक विश्रामगृह आहे, वर जाणारं सामान ठेवायचं. तिथे ठरलंय. चिठ्ठी लागणार नाही. लेकीने एवढंच कळवलं: ‘आम्हीच खाली येतो. बाबांना लोकरीचे मोजे घ्यायला सांग.’

मी वेधशाळेच्या प्रमुखांना जी पाच पत्रं लिहिली त्यांचा हा परिणाम, हे उघड आहे. सरकारी माणूस पत्राशिवाय हलत नाही. ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, “असेल.” या ‘असेल’मध्ये काहीतरी आहे.

चोवीसशे मीटर म्हणजे मला बोलायला पुरेसा दम असणार. तिथे आईला दोन शब्द बोलायला सांगतातच. भाषणाचा मसुदा सुरू केला.

१३ ऑक्टोबर

विश्रामगृहात पोचलो. लांबट खोली, लोखंडी खाटा, भिंतीला टेकवलेल्या पेट्या, खिडकीबाहेर वर जाणारा रस्ता. लेक आली. बारीक झालीय, गालांची कातडी वाऱ्याने फाटलीय. निळा कोट खरंच बरा आहे. बाह्या नीट शिवल्यात. मला शिवण येत नाही, ती कुठे शिकली?

भाषण तयार आहे. चार पानं. कार्ड छापण्याची पद्धत, सरकारी गॅस, कोट, मुलींनी आईला काय कळवावं आणि कधी. शेवटचा एक परिच्छेद आहे, तो तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. तो वाचताना बघू.

हे म्हणाले, “चार पानं?” मी म्हटलं, “दोन्ही बाजूंनी.”

१४ ऑक्टोबर

नोंदवहीत सह्या झाल्या. टाळ्या झाल्या. तीसेक माणसं, सगळी जाड कपड्यांत, सगळ्यांची नाकं लाल. जेवण नवऱ्यामुलाने स्वतः केलं होतं. स्वतःच्या लग्नात! सहीसुद्धा त्याने ॲप्रन घालूनच केली आणि लगेच आत पळाला, काहीतरी उतू जात होतं.

जेवणं झाल्यावर वेधशाळेचे प्रमुख उठून म्हणाले, “आता आईंनी दोन शब्द बोलावेत.” माझ्या पाच पत्रांपैकी एकाचंही उत्तर न देणारा हाच तो माणूस.

मी उठले. पानं पिशवीतून काढली, चष्मा लावला. खोली शांत झाली. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सहज समोर पाहिलं.

लेकीचे खांदे कानांपर्यंत चढले होते. डोळे ताटात. शेजारी तिचे बाबा, त्यांचेही तसेच. दोघं अगदी सारखी दिसत होती, भांडं वरून पडताना दिसलं की आवाज होण्याआधी माणूस अंग चोरून बसतो तशी. मी बोलायला उठले की ही दोघं अशी बसतात. कधीपासून बसतात? मी नेहमी वाचत असते, त्यामुळे पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तो डोकावला, हात पुसत, आई काय म्हणतात ते ऐकायला.

मी चष्मा काढला.

“जावईबापू,” मी म्हटलं, “आज तरी तो ॲप्रन काढा आणि हिच्याशेजारी येऊन बसा.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. तो लाल होऊन गाठ सोडायला लागला, ती सुटेना, तर लेकीने उठून सोडली. सगळे वाट बघत होते की मी पुढे बोलेन. मी बसले. चार पानं पिशवीत गेली.

लेक माझ्याकडे आली. वाकून, हळूच म्हणाली, “आई, काय झालं? दम लागतोय का?”

दम अजिबात लागत नव्हता. नाडी ठीक, डोकं ठीक, फुप्फुसं भरलेली. आणखी तासभर सहज बोलले असते.

“हो,” मी म्हटलं.

तिने लगेच माझा दंड धरला, आधार देऊन बाहेर आणलं आणि भिंतीशेजारच्या बाकावर बसवलं. कोट काढून माझ्या पायांवर टाकला. शेजारी बसली, हात हातात घेतला आणि नाडी मोजल्यासारखी बोटं मनगटावर ठेवली. आत लोक तिला हाका मारत होते. ती उठली नाही. “बरं वाटतंय का?” तिने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, आणि पुन्हा.

तिन्ही वेळा मी नाही म्हटलं.